वाटेवरची बाभळीची फांदी

आमच्या घरात रविवारची वाट मी निवडायची, असा अण्णांनीच ठराव केला होता. अण्णा म्हणजे माझे वडील. तहसीलीतून निवृत्त झालेले, वय सत्तरीला टेकलेलं, डावा कान जवळजवळ गेलेला. मी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे, लग्न केलेलं नव्हतं आणि पायांना स्वस्थता नव्हती. आई गेल्यावर अण्णा पलंगाला चिकटले, तेव्हा मीच त्यांना ओढून बाहेर काढलं. पहिल्या रविवारी हर्सूलच्या तळ्याला एक फेरी. मग सातारा गावामागचे डोंगर, मग म्हैसमाळ, मग सुलीभंजन. थंडीत पैठणला एसटीनं जाऊन धरणाच्या पाण्याच्या कडेकडेनं पक्षी बघत चालायचं. आमच्या औरंगाबादला उगाच लोक रखरखीत म्हणतात. ज्या दिशेला जावं तिकडं वेगळी तऱ्हा आहे हो! दक्षिणेला गोदावरीची काळी सपाट जमीन, पश्चिमेला लेण्यांचे डोंगर, आणि उत्तरेला कन्नडच्या पुढं डोंगर एकदम तुटतो, खाली सगळा खानदेश पसरलेला. मी वर्गात हे शिकवायचे आणि रविवारी अण्णांना दाखवायचे.

वाट निवडायची माझी एक पद्धत होती. आठवड्यात शाळेला सुट्टी असेल त्या दिवशी मी एकटी जाऊन ती वाट चालून यायचे. आम्ही तिला पाहणी म्हणायचो. पाणी कुठं, सावली कुठं, शेवटची बस किती वाजता, हे सगळं वहीत लिहायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिथं गुरं-मेंढरं राखणारं जे कुणी असेल त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. डोंगराची खबर त्यांच्याइतकी कुणाला नसते. अण्णांसोबतची एकही वाट मी पाहणी केल्याशिवाय चालले नव्हते. एक सोडून.

माझा थोरला भाऊ या रविवारांवर पहिल्यापासून नाराज होता. आम्ही त्याच्याच घरात राहत होतो. अण्णांच्या छातीत एकदा कळ आली होती, तेव्हापासून तो मला बजावत होता, "एकदा जरी त्यांना काही झालं, तर रविवार बंद. मग माझ्या पाया पडलीस तरी नाही." त्याचंही खरं होतं. म्हणून मी त्या वर्षी हळूहळू सोप्या वाटा निवडायला लागले. पाहता पाहता आम्ही परत तळ्यावर येऊन ठेपलो.

अण्णांना ते कळणार नाही असं कसं होईल? एका शुक्रवारी संध्याकाळी मी चहा दिला तर म्हणाले, "मास्तरीणबाई, परवा कुठं?"

"हर्सूल," मी म्हटलं.

"चौथ्यांदा! अगं, ते तळं मला आता सलाम करायला लागलंय."

"सपाट आहे. चालायला बरं."

"सपाट तर हे अंगणही आहे. इथंच गोल गोल फिरव. घाण्याला जुंपल्यासारखं." मग कपातला चहा बशीत ओतत, माझ्याकडं न बघता म्हणाले, "भावाला भ्यालीस तू. तुझ्यात आता पहिल्यासारखा दम राहिला नाही."

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेतल्या मुलीसुद्धा सांगतील. तळपायाची आग मस्तकात गेली. मी वही उघडली. कन्नडच्या पुढं एक घळ मी शाळेच्या सहलीत वरून पाहिली होती. दोन्ही बाजूंना उभे कडे, तळाला झरा, सागाचं रान. खाली उतरून कधी पाहिली नव्हती. मी तिथंच बोट ठेवलं.

"ठीक आहे. परवा घळीत जायचं. सहाच्या बसनं. दमलात तर मी उचलून आणणार नाही, आताच सांगते."

"हां! अब आयी बात," म्हणाले आणि लहान मुलासारखे खुलले. निजामाच्या काळात सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. खुशीत आले की जीभ तिकडंच वळायची.

पाहणी करायला मधे फक्त शनिवार होता आणि शनिवारी शाळा होती. मी स्वतःला म्हटलं, एवढं काय, मी भूगोलाची बाई आहे. रागाच्या भरात माणूस स्वतःलाच किती सहज फसवतो!

रविवारी पहाटे अण्णा अंघोळ करून तयार. मार्गशीर्षातली थंडी होती, म्हणून हिना. अत्तराचा त्यांचा नेम ठरलेला: उन्हाळ्यात खस, थंडीत हिना. शहागंजात ज्या दुकानातून विद्यार्थी असताना घेत, तिथूनच अजूनही घ्यायचे. कापसाचा इवलासा फाया करायचा, अत्तरात बुडवायचा आणि उजव्या कानात बसवायचा. डावा कान कामातून गेलेला आणि उजव्यात बोळा. वहिनी हसायची, "ज्या कानाला ऐकू येतं त्यालाच कसा हो टाळा?" तर म्हणायचे, "या घरात न ऐकण्यासारखंच जास्त असतं, बाई."

कन्नडच्या पुढं घाटाच्या अलीकडं उतरलो. गार वारा, कोवळं ऊन, वाळलेल्या गवताचा वास. अण्णा काठी टेकत माझ्या मागून येत होते आणि मोठमोठ्यानं बोलत होते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. पठार संपलं, तिथून पायवाट घळीत उतरत होती. आणि तिच्या तोंडाशीच बाभळीची एक फांदी आडवी पडलेली होती. पडलेली नव्हे, टाकलेली. बुडख्यावर दगड ठेवलेला.

मी मागं वळून पाहिलं. अण्णा वीसेक पावलांवर वाकून बुटाची नाडी बांधत होते. मला वाटलं, शेळ्या-बिळ्या खाली जाऊ नयेत म्हणून कुणी टाकली असेल. खरं सांगायचं तर मला एवढंही वाटलं नाही. मला फक्त वाटलं की अण्णांनी ही पाहिली तर परत फिरावं लागेल, आणि मग हा माणूस वर्षभर मला ऐकवत बसेल. मी दगड ढकलला, फांदी ओढून बाजूच्या झुडपात टाकली. एक काटा तळहातात खोल गेला. अण्णा येईपर्यंत मी हात पदराखाली घेतला होता.

आत शिरलो आणि मी सगळं विसरले. काय घळ होती ती! कड्यांच्या मधून उन्हाची एकच पट्टी झऱ्यावर उतरलेली. अण्णा मला मागं टाकून पुढं गेले. मी त्यांच्या पाठीकडं बघत होते आणि मला खूप आनंद झाला होता. पंचवीस-तीस पावलं पुढं कडा वाटेवर छपरासारखा झुकलेला होता. त्याच्या पोटाला पाणी झिरपून पडतात तसे मोठे काळे डाग. चार, पाच, सहा.

त्यातला एक डाग हलला.

वाऱ्यानं पिकावर लाट जावी तशी त्याच्यावरून एक थरथर वरून खाली गेली. मग शेजारच्या डागावरून. ते डाग नव्हते. आग्या मोहोळ होतं, एकेक सुपाएवढं पोळं, आणि अण्णा त्याच्या बरोबर खाली उभे होते.

तेवढ्यात समोरच्या उतारावर मला एक बाई दिसली. धनगरीण असावी. भोवती मेंढरं, खांद्यावर घोंगडी. तिनं एक हात स्वतःच्या तोंडावर गच्च दाबला होता आणि दुसऱ्या हातानं मला खाली, खाली अशी खूण करत होती. आवाज करू नका. मला कळलं. पण अण्णांची तिच्याकडं पाठ होती आणि माझ्याकडंही.

आता काय करू? हाक मारायची सोय नाही. मारली तरी त्यांना ऐकू जाणार नाही एवढ्या हळू मारावी लागेल. पळत जावं तर झऱ्यातले गोटे खडखडणार. आणि मला पक्कं ठाऊक होतं की काही सुंदर दिसलं की हा माणूस कसा ओरडतो. "अगं ए, इकडं ये, बघ!" सगळी घळ घुमवून टाकेल. अजून ओरडले कसे नाहीत याचंच मला नवल वाटत होतं. शिवाय त्यांच्या कानात हिना. एक माशी त्यांच्या डोक्याभोवती फिरत होती. त्यांनी हातानं वारली. मग दुसरी आली.

मी चपला काढल्या आणि अनवाणी पाण्यातून चालत गेले. जन्मात कधी एवढी हळू चालले नसेन. प्रत्येक पाऊल टाकताना मी मनात म्हणत होते, वळू नका, अण्णा, वळू नका. शेवटच्या चार पावलांवर ते वळले. चेहरा फुललेला. हात वर केला, तोंड उघडलं.

मी झेप घेऊन त्यांच्या तोंडावर हात दाबला. बापाच्या तोंडावर! त्यांचे डोळे रागानं मोठे झाले. मी दुसऱ्या हातानं वर बोट दाखवलं. त्यांनी वर पाहिलं आणि माझ्या तळहाताखाली त्यांचा श्वास थांबल्याचं मला जाणवलं.

मी त्यांच्या उजव्या कानातला फाया काढला, झऱ्याकाठच्या चिखलात खोल खुपसला आणि वरून दगड दाबला. माझ्या बोटांना तो वास लागला तो लागलाच. मग त्यांच्या दंडाला धरून मागं फिरले. एक पाऊल, थांब. एक पाऊल, थांब. माश्या आता आठ-दहा झाल्या होत्या. एक माझ्या भुवईवर बसली. मी डोळा मिटला नाही की हात उचलला नाही. वाकलेला कडा संपायला दहा पावलं राहिली होती. मी मोजत होते. नऊ. आठ.

अण्णांचा पाय गोट्यावरून निसटला. काठी दगडावर आपटली. खट्टकन आवाज झाला.

वरचा आवाज बदलला. आधी तो आहे हेसुद्धा लक्षात येत नव्हतं, आता दळणाची गिरणी चालू व्हावी तसा झाला. अण्णांच्या मानेवर पहिला डंख बसला, मग टाळूवर, मग कुठं कुठं ते मोजायची शुद्ध राहिली नाही. मी पदर त्यांच्या डोक्यावर टाकला आणि ओरडलेच, "अण्णा, पळा!" पळणार कुठं? ते गुडघ्यांवर बसले होते.

ती बाई उतारावरून कशी आली देव जाणे. घोंगडी सोडवत आली आणि आमच्या दोघांवर फेकली. "बसा! दडपून बसा! हालू नगा!" म्हणाली आणि घोंगडीच्या कडा धरून आमच्यावरच ओणवी झाली.

घोंगडीखाली मिट्ट अंधार. मेंढराचा उग्र वास आणि त्यात हिना. अण्णांचं डोकं माझ्या छातीशी होतं आणि त्यांचा श्वास फाटल्यासारखा येत होता. मी देवाला म्हटलं, यांना ठेव. मला काय हवं ते कर, पण यांना ठेव. भाऊ म्हणाला होता ते एकदाही आठवलं नाही. रविवार गेले खड्ड्यात. हा एक माणूस जिवंत राहू दे, एवढंच.

किती वेळ गेला सांगता येत नाही. गिरणी हळूहळू मंदावली. बाईनं घोंगडीचं टोक उचललं. "चला आता. बोलू नगा. वाकून चला." तिच्या कपाळावर, कानापाशी, दंडावर गांधी उठल्या होत्या. तिघं वर आलो. अण्णांचा एक डोळा बंद झाला होता, ओठ सुजून पालथे पडले होते. तरी चालत होते.

वाटेच्या तोंडाशी येताच ती बाई थबकली. इकडं तिकडं पाहिलं.

"काटा कुनी काढला गं बाई? म्या सकाळीच टाकला व्हता. मव्हळ लागल्यापासनं रोज टाकते. समदं गाव वळखतं. काटा आडवा म्हंजी वाट बंद."

मी म्हटलं, "आम्हाला नाही ठाऊक. आम्ही आलो तेव्हा नव्हताच."

हे मी म्हटलं. जिनं आम्हाला वाचवलं तिच्या तोंडावर, तळहातात तिचाच काटा मोडलेला असताना. भीती होती, लाज होती, अण्णा शेजारी उभे होते. कारणं पुष्कळ देता येतील. एकही धड नाही.

तिनं झुडपातून फांदी ओढून काढली. अण्णा तसेच, एका डोळ्यानं बघत, पुढं झाले, वाकले आणि फांदी वाटेवर आडवी लावली. काटे खालच्या अंगाला, बुडखा वरच्या अंगाला आणि बुडख्यावर दगड. कसं ठेवायचं ते त्यांना सांगावं लागलं नाही. मी मात्र त्यांना धरायच्या घाईत होते.

"घोंगडी ऱ्हाऊ द्या बाबाच्या अंगावर," बाई म्हणाली, "थंडी भरंल. मंग आणून द्या."

एका ट्रकवाल्यानं कन्नडच्या दवाखान्यात पोचवलं. तिथं चिमट्यानं नांग्या काढल्या, इंजेक्शनं दिली. डॉक्टर म्हणाले, वय झालंय, छातीचा त्रास आहे, दोन दिवस काही सांगता येत नाही. ते दोन दिवस माझा जीव टांगणीला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी चहा मागितला, तोही बशीत. मी दवाखान्याच्या मागं जाऊन पोटभर रडून आले.

घरी आल्यावर भावानं तोंड उघडायच्या आत अण्णाच बोलले. "वाट चांगली होती. हिची निवड बरोबर होती. गुन्हा माझा. अत्तर लावून गेलो, माश्या चवताळल्या. आजपासून अत्तर सोडलं. रविवार सोडणार नाही."

भाऊ माझ्याकडं बघत राहिला. मी मान खाली घातली. फांदी मी काढली, एवढं एक वाक्य बोलायचं होतं आणि मी गप्प बसले. रविवार वाचले.

हिनाची बाटली कपाटात मागं गेली. महिन्याभरानं आम्ही परत निघालो, तळ्यापासून. पुढं परत सातारा, परत म्हैसमाळ. मी पाहणी केल्याशिवाय एक पाऊल टाकत नव्हते. पण अण्णा शेजारून चालले की काहीच वास यायचा नाही, आणि ते मला सहन व्हायचं नाही. लहानपणापासून बाप म्हणजे तो वास. मीच तो काढून घेतला होता आणि हा माणूस माझ्या चुकीची शिक्षा बिनतक्रार भोगत होता, या विचारानं मी आतून कुरतडली जात होते. घोंगडी माझ्या कपाटात होती. दर आठवड्याला ठरवायचे, या रविवारी कन्नडला जाऊन देऊन यावी. मग ती बाई परत काट्याचं विचारेल या भीतीनं रद्द करायचे. अण्णांनीही घोंगडीचं कधी नाव काढलं नाही. मला तेव्हा त्याचं बरंच वाटलं.

वर्ष होत आलं. परत थंडी पडली. हर्सूलच्या तळ्याच्या बांधावर आम्ही भाकरी खायला बसलो होतो. समोर बदकं पोहत होती. मी त्यांच्या उजव्या बाजूला बसले होते, ऐकू यावं म्हणून. भाकरी तशीच हातात धरून मी सगळं सांगून टाकलं. फांदी, दगड, झुडूप, हातातला काटा. "अण्णा, अत्तराचा काही दोष नव्हता. मी खोटं बोलले. त्या बाईशी आणि तुमच्याशीही."

ते चावत राहिले. घास गिळला. पाणी प्यायले.

"त्या बाईला तू काय म्हणालीस ते ऐकलं होतं मी," म्हणाले. "तूच काढला होतास की कानातला फाया."

मी म्हटलं, "मग मला बोलला का नाहीत? एवढं वर्ष!"

"कोणत्या तोंडानं बोलू?" मग ते माझ्याकडं वळले. "अगं, मी पाचोडचा. शाळेत घालायच्या आधी दोन वर्षं म्हशींच्या मागं हिंडलो. असले काटे मी स्वतः टाकलेत वाटांवर. तू फांदी ओढलीस ती मी नाडी बांधता बांधता पाहिली. तुला ठाऊक नव्हतं तिचा अर्थ. मला ठाऊक होता."

मी हातातली भाकरी फडक्यावर ठेवली.

"बोललो असतो तर तू मला परत इथं आणलं असतंस," त्यांनी तळ्याकडं हात केला. "म्हणून गप्प बसलो. आत शिरल्यावर ओरडलो नाही, लक्षात आलं का तुझ्या? वर बघत बघत चाललो होतो. ते डाग मलाही पाण्याचेच वाटले, कुठं मोहोळ दिसेना, तेव्हा वाटलं, कुणी चराईसाठी बंद केली असेल. तेवढ्यात तू आलीस. अत्तर मी त्यासाठी सोडलं, बाई. पोरीला मोहोळाखाली घेऊन गेलो म्हणून."

मी भांडले. खूप भांडले. एवढं वर्ष मला जाळत ठेवलंत, तुम्ही माणूस आहात का, असलं काहीही बोलले आणि बोलता बोलता रडले. बांधावरून जाणारी दोन पोरं थांबून बघायला लागली. अण्णा आपले मान हलवत होते, बोल, बोल म्हणत होते. त्यांचेही डोळे भरले होते. रागही खरा होता आणि इतकं हलकंही मला कधी वाटलं नव्हतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं घोंगडी घेऊन कन्नडच्या बसमध्ये बसलो. रस्ताभर मी काय बोलायचं ते जुळवत होते. अण्णाही ओठ हलवत होते, म्हणजे त्यांचीही तयारी चालली होती. घळीच्या तोंडाशी काटा जागच्या जागी होता. त्याच्या अलीकडं बसून राहिलो. दोनेक तासांनी मेंढरं आली, मागून ती आली. आम्हाला ओळखलं. अण्णांना म्हणाली, "बाबा, जगला व्हय! लई बरं झालं."

मी हात जोडून सांगितलं, "बाई, काटा मीच काढला होता. तुमच्याशी खोटं बोलले." अण्णा म्हणाले, "आणि मला ठाऊक असून मी आत गेलो."

तिनं आमच्याकडं पाहिलं, पण ऐकत होती असं वाटलं नाही. तिची नजर माझ्या हातातल्या घोंगडीवर होती. पुढं होऊन तिनं ती घेतली, उलगडली, उन्हाकडं धरून कुठं फाटलीय का ते बघितलं. मग खांद्यावर टाकली आणि दोन्ही हातांनी अंगाभोवती ओढून घेतली.

"काट्याचं काय घिऊन बसलाव," ती म्हणाली. "सारी थंडी काढली म्या हिच्याबिगर. रोज वाट बघितली."